बोट ठेवून दाखव

"सर, नडगी दुखतीया."

एकतीस वर्षं मी शाळेत पी.टी. शिकवली आणि त्यातली शेवटची सोळा वर्षं पहाटे भरतीची पोरं पळवली. हे तीन शब्द ऐकले नाहीत असा एकही महिना त्या काळात गेला नसेल. माझं उत्तर ठरलेलं असायचं. "तेल चोळ, दोन राउंड जास्त मार. पळून पळून जाईल." बऱ्याच जणांचं दुखणं पंधरा-वीस दिवसांत खरंच जायचं, म्हणून त्या उत्तरावर माझा विश्वास बसला होता. जानेवारी २०१८ मध्ये एका मुलीचं नडगीचं हाड त्या उत्तरामुळं मोडलं.

आमचा माण हा दुष्काळी तालुका. पाण्याची शाश्वती नाही, म्हणून घराघरातली पोरं पोलीस, लष्कर नाहीतर एस.आर.पी.च्या भरतीकडं डोळे लावून बसलेली. ऑगस्ट २०१६ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ ला पी. टी. उषा पळाल्या होत्या. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या दिवाळीनंतर माझ्या ग्राउंडवर मुली दिसू लागल्या. ज्या आया आधी "पोरीला कशाला पळवता" म्हणायच्या, त्याच पहाटे बॅटरी घेऊन पोरीला सोडायला येऊ लागल्या.

हाड मोडलेली ती मुलगी त्यांतलीच एक. एकोणीस वर्षांची, अंगानं काटक, बोलायला कमी. वडील मेंढरं घेऊन बाहेर, घरी आई आणि आजी. २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत ती रोज तीन किलोमीटर पळायची आणि आठवड्यातून दोनदा आठशे मीटरचा टाइम द्यायची. डिसेंबरच्या सुरुवातीला भरती निघणार अशी चर्चा सुरू झाली आणि मी सगळ्यांचंच पळणं वाढवलं. रोज आठ किलोमीटर डांबरी रस्त्यावर, शनिवारी चढ-उताराचे बारा. रविवारची सुट्टी होती, ती पुढं मीच बंद केली. तिच्या पायात शाळेतले कॅनव्हासचे बूट होते.

तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा नडगी दुखते म्हणाली. सुरुवातीला पहिल्या राउंडला दुखायचं आणि अंग तापलं की जायचं. मग ते पळणं संपेपर्यंत राहू लागलं. मग पाण्याची घागर घेऊन चालतानाही दुखायला लागलं. शेवटी रात्री झोपेत पाय ठणकायला लागला. यातलं प्रत्येक तिनं मला त्या त्या वेळी सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी तिला मन घट्ट करायला सांगितलं.

जानेवारीच्या मध्याला आई तिला एक्स-रे काढायला घेऊन गेली. फिल्मवर काहीच नव्हतं. ती फिल्म मी ग्राउंडवर उजेडाकडं धरली आणि सगळ्यांना म्हणालो, "बघा, हाड लोखंडासारखं आहे. दुखणं डोक्यात असतं." नवव्या दिवशी, आठशे मीटरच्या दुसऱ्या राउंडला, वळणावर ती खाली बसली. पाय टेकवेना. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही तिला साताऱ्याला नेलं. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाच्या खालच्या भागात आडवी भेग दिसली.

अस्थिरोगतज्ज्ञ माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मुलीला म्हणाले, "बाळा, एका बोटानं दाखव बरं, कुठं दुखतं?" तिनं तर्जनी नेमकी एका जागी टेकवली. मग ते माझ्याकडं वळले. "सर, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं." त्यांच्याकडून आणि त्यांच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडून पुढच्या काही महिन्यांत मी जे शिकलो, ते प्रत्येक पळणाऱ्यापर्यंत आणि पळवणाऱ्यापर्यंत पोचावं म्हणून हे लिहितो आहे.

दम आधी येतो, हाड मागून येतं

हाड आपल्याला दगडासारखं वाटतं. अंगातलं हाड मात्र जिवंत असतं. त्यात रक्त फिरतं, पेशी राबतात आणि त्याची डागडुजी जन्मभर चालू राहते. डॉक्टरांनी मला शेताच्या तालीवरून, म्हणजे बांधावरून, समजावलं. "पावसानं ताल कमजोर झाली तर काय करता?" मी म्हणालो, आधी सैल झालेली माती उकरतो, हललेले दगड काढतो, मग नवी माती भरून चोपतो. "आणि उकरलेली असतानाच मोठा पाऊस आला तर?" ताल फुटते, मी म्हणालो. "हाडाचं हेच होतं."

पळताना प्रत्येक पावलाला नडगीचं हाड अगदी किंचित वाकतं. त्यातून डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे पडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. या ताणामुळंच हाडाला मजबूत होण्याचा निरोप जातो. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ मध्येच मांडलं होतं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणं स्वतःची घडण बदलतं. पण बदलाला क्रम असतो. आधी एका प्रकारच्या पेशी तड्याजवळचं जुनं हाड खाऊन जागा मोकळी करतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथं नवं हाड भरतात, आणि ते भरून टणक व्हायला तीन महिन्यांच्या आसपास जातात. उकरणं लवकर उरकतं, भरणं सावकाश होतं. म्हणून पळणं एकदम वाढवलं की पुढचे काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पोरं जोरात पळू लागतात. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडाला महिने लागतात. स्टॉपवॉचवर टाइम सुधारलेला दिसतो, मुलाचा चेहरा खुललेला असतो, आपण आणखी एक राउंड वाढवतो. आतली ताल त्या वेळी उकरलेली असते.

मॅडमनी मला भाराचा हिशेब मांडून दाखवला. पळताना एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात, म्हणजे एका पायाला पाचशे. प्रत्येक पावलाला जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का येतो. पन्नास किलोच्या मुलीसाठी तो शंभर ते दीडशे किलोंचा. पोटरीचे स्नायू त्याच वेळी हाडाला ओढत असतात, त्यामुळं हाडावरचा खरा भार याहून कितीतरी जास्त असतो. रोजचे आठ किलोमीटर म्हणजे एका पायाला चार हजार धक्के. महिनाभरापूर्वी ती मुलगी तीन किलोमीटरचे दीड हजार धक्के खात होती. मी ते अडीच पटींहून जास्त केले आणि मधला विश्रांतीचा दिवसही काढून घेतला.

हे दुखणं फार जुनं आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरानं लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांना येणारी सूज आणि वेदना यांचं वर्णन केलं. त्यामागचं कारण त्याला दिसणं शक्यच नव्हतं; क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, त्या दुखऱ्या पावलांच्या एक्स-रेमध्ये हाडांच्या भेगा दिसल्या आणि मार्च फ्रॅक्चर हे नाव रूढ झालं. मधली चाळीस वर्षं किती शिपायांना कामचुकार म्हटलं गेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. माझ्याकडं तर एक्स-रेही होता आणि एमआरआय तासाभराच्या अंतरावर होता.

तळवा की बोट

आमच्या भागात भरतीची पोरं नडगीच्या सगळ्याच दुखण्याला "शिन पेन" म्हणतात. डॉक्टर त्यात भेद करतात, आणि तो प्रत्येकाला समजायला हवा.

नडगीला हात लावून पाहा. समोरची धार सोडून आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, हाडाची एक कड घोट्यापर्यंत जाते. शिन स्प्लिंट्स म्हणतात ते दुखणं या कडेच्या खालच्या भागात होतं. अंगठ्यानं दाबत गेलं तर चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो. कुठं दुखतं विचारलं की मुलगा नडगीवरून तळवा फिरवतो. पळायला सुरुवात करताना दुखतं, अंग तापलं की कमी होतं, सकाळी उठल्यावर पुन्हा जाणवतं. हाडावरचं नाजूक आवरण आणि त्याखालचा हाडाचा थर भारानं चिडलेला असतो. ही इशाऱ्याची पायरी.

पुढची पायरी म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, ताणानं पडलेली भेग. इथं दुखणं एका ठिपक्यावर येतं. विचारलं की मुलगा बोट ठेवून दाखवतो. पळताना ते कमी होण्याऐवजी वाढत जातं. पुढं चालतानाही दुखतं, आणि बसल्या-झोपल्या जागीही ठणकू लागतं. त्या जागी कधी किंचित सूज असते. एका पायावर उडी मारायला गेलं तर नेमकं तिथंच कळ येते. अशी उडी घरी पुन्हा पुन्हा मारून बघू नये. एकदा कळ आली की निरोप मिळाला.

एक्स-रे साफ आला म्हणजे हाड साफ, ही माझी चूक होती. ताणाची भेग केसासारखी असते. पहिले दोन-तीन आठवडे ती बहुतेक वेळा एक्स-रेत दिसत नाही. भोवती नवं हाड जमायला लागलं की मग तिची खूण उमटते. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज भेग पडण्याआधीच दिसते. प्रत्येक नडगीला एमआरआय लागत नाही. पण बोट एका जागी टेकत असेल आणि रात्री ठणकत असेल, तर साफ एक्स-रे हातात असला तरी पळणं बंद ठेवून डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं.

आणखी काही खुणा मॅडमनी मला वहीत लिहून घ्यायला लावल्या. ठरावीक अंतर पळालं की पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर पडतं आणि थांबलं की सगळं ओसरतं, तर तो प्रकार वेगळा. त्यात स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढलेला असतो. एका पायाची पोटरी सुजून गरम आणि लाल झाली तर तो पळण्याचा विषयच नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण रक्ताची गुठळी असू शकते. नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध दुखत असेल किंवा पळताना जांघेत खोल दुखत असेल, तर भेग अशा जागी असू शकते जिथं हाड नीट जुळत नाही किंवा अचानक पूर्ण मोडतं. तिथं एक दिवसाचीही ढकलाढकल नको.

"नाजूक पोरांनाच असलं होतं" असं मी म्हणायचो. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ मध्ये लंडनला मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. त्याच पॉलांना २००८ मध्ये मांडीच्या हाडाला ताणाची भेग पडली. त्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्या कशाबशा उतरल्या आणि तेविसाव्या आल्या. यात नाजूकपणाचा प्रश्न नाही. भार आणि भरपाई यांचा मेळ तुटला की कोणाचंही हाड हार खातं.

बरं कसं होतं

त्या मुलीला तीन आठवडे कुबड्या मिळाल्या. मग हळूहळू पायावर वजन, मग दुखल्याशिवाय चालणं, आणि दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा एक मिनिट पळणं. नडगीची अशी भेग भरायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. साधी शिन स्प्लिंट्स वेळेवर थांबवली तर काही आठवड्यांत आवरतात. रेटत राहिलं तर महिने खातात.

उपचाराचा गाभा एकच आहे: दुखवणारा भार काढायचा. पळणं बंद म्हणजे खाटेवर पडून राहणं असं नाही. चालताना दुखत नसेल तर चालायचं. सायकल मारता येते, पोहता येतं. आमच्याकडं तलाव नाही, पण विहिरीला पाणी होतं. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर ती आणि तिची मामेबहीण रोज अर्धा तास विहिरीत पोहत. दम टिकून राहिला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मन टिकून राहिलं. पळणाऱ्या पोरीला घरात बसवलं की ती आतून खचते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बर्फानं ठणका कमी होतो. हाड त्यानं भरत नाही. दुखण्याची गोळी घेऊन पळणं सगळ्यांत वाईट, कारण शरीराचा निरोपच आपण अडवतो. तेलानं हलक्या हातानं पोटरी चोळायला हरकत नाही. पण दुखऱ्या हाडावर अंगठा दाबून "गाठ मोडणारे" लोक असतात, त्यांच्याकडं मुलांना नेऊ नये.

दुखणं उतरलं की पोटरीला ताकद द्यायची. पोटरीचे स्नायू हाडावरचा धक्का झेलतात. ते थकले की सगळा भार हाडावर जातो. पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा वर-खाली करायच्या. आधी दोन्ही पायांवर बारा-पंधराचे तीन सेट, मग एका पायावर. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून, कारण वाकवल्यावर आतल्या खोल स्नायूवर काम येतं. एका पायावर न थांबता वीस-पंचवीस होऊ लागले की पाय पळायला तयार होतोय असं समजावं. कंबर आणि नितंबांचे व्यायामही हवेत, म्हणजे पाऊल टाकताना गुडघा आत वळत नाही.

पळणं पुन्हा सुरू करताना एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, असं दहा वेळा. एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून पाहायची. दुखली नाही तर पुढच्या वेळी पळण्याची मिनिटं थोडी वाढवायची. दुखली तर एक पायरी मागं यायचं. आधी अंतर वाढतं, मग वेग, सगळ्यांत शेवटी चढ-उतार. तिन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही.

पाऊल लांब टाकून वेग काढायची सवय असते, तीही मोडावी लागते. तेवढ्याच वेगात पावलं थोडी आखूड आणि जलद टाकली, म्हणजे मिनिटाची पावलं पाच-दहा टक्क्यांनी वाढवली, की नडगीवरचा धक्का कमी होतो. बुटांचा तळ एका बाजूला झिजला असेल तर ते बदलायचे. आणि मातीवरून डांबरावर एकदम उडी नको. हाडाला जमिनीचीही सवय व्हावी लागते.

साताऱ्यात ऑगस्ट आला की मॅडमच्या दवाखान्यात वेगळी गर्दी होते. सप्टेंबरमध्ये यवतेश्वरचा घाट चढून-उतरून पळायची सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. पुण्या-मुंबईहून चाळिशीतले, नोकरी-धंदा सांभाळून पळणारे लोक येतात. पायात महागडे बूट, मनगटावर घड्याळ, आणि दुखणं आमच्या कॅनव्हास बुटांच्या पोरांचंच. कारणही तेच: चार महिन्यांची तयारी सहा आठवड्यांत. उतारावर पाऊल ब्रेकसारखं आदळतं, याची त्यांना कल्पना नसते.

जे मी कधी विचारलंच नाही

एमआरआय झाला त्या दिवशी डॉक्टरांनी त्या मुलीला बाजूला घेऊन नर्सताईंकरवी काही विचारलं. उत्तर ऐकून माझी मान खाली गेली. चार महिने तिला पाळी आली नव्हती. हे ती मला कसं सांगणार होती? आणि मी तरी विचारणार कसा होतो?

पाळी थांबणं हे खेळाडू मुलीच्या कणखरपणाचं लक्षण नाही. पळण्यात जितकं इंधन जळतं तितकं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबवतं, मग हाडाची डागडुजी. हाड टिकवणारं इस्ट्रोजेन कमी होतं. १९९२ पासून डॉक्टर या त्रिकुटाबद्दल बोलत आहेत: अपुरं खाणं, थांबलेली पाळी, कच्ची हाडं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं सांगितलं की इंधनाच्या तुटवड्याचा हा त्रास पुरुष खेळाडूंनाही होतो, आणि तो हाडांपुरता राहत नाही.

तिच्या दिवसाची मांडणी ऐकली तेव्हा सगळं उलगडलं. पहाटे साडेचारला उठायची, कोरा चहा घेऊन पळायला यायची. नंतर घरचं काम, कॉलेजची एस.टी. पोटभर जेवण दुपारी दोनला. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार, ते उपवासाचे. वजन कमी झालं तर टाइम सुधारेल, असं मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून रात्रीची अर्धी भाकरी तिनं सोडली होती.

उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. तो घरचा प्रश्न आहे. पण उपवासाच्या दिवशी लांब पळायचं नाही, हा आता ग्राउंडचा नियम आहे. पळण्याआधी एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आणि पळून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खरं खाणं: भाकरी, मटकी, दूध, जमेल त्याला अंडी. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आमची ज्वारी-बाजरी ताकद देते, पण कॅल्शियम फारसं देत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास, आणि तिळात भरपूर. म्हणून आता आया नाचणीची आंबील करून देतात. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांवर स्त्री रिक्रूटांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, त्यांच्यात ताणाच्या भेगा सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाल्या. आमच्या मुली अंधारात पळतात आणि उन्हात स्कार्फ बांधून फिरतात, त्यामुळं ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

झोपेचंही तसंच. इस्रायलच्या सैन्यात ताणाच्या भेगांचा प्रश्न फार मोठा होता. रात्रीची किमान सहा तास झोप सक्तीची केल्यावर, ठरल्यापेक्षा जास्तीचा सराव बंद करून कूचही कमी केल्यावर त्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मी मात्र रात्री अकरापर्यंत अभ्यास करणाऱ्या पोरांना साडेचारला उठवत होतो.

ग्राउंडवर आता

मी निवृत्त झालो, तरी पहाटे ग्राउंडवर असतो. पोलीस भरतीची मुलं १६०० मीटरसाठी, मुली ८०० मीटरसाठी, एस.आर.पी.वाले पाच किलोमीटरसाठी तयारी करतात. आठवड्यातले दोन दिवस पळणं बंद, त्या दिवशी गोळा आणि ताकदीचे व्यायाम. भरतीची जाहिरात आली म्हणून कुणाचंही पळणं एकदम वाढत नाही. दर चौथा आठवडा हलका. तयारी निदान सहा महिने आधी सुरू करा, असं मी पालकांना हात जोडून सांगतो.

मुलींच्या अडचणी विचारायला गावातल्या आरोग्यसेविका ताई महिन्यातून एकदा येतात. त्या वेळी मी ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. कुणाची पाळी तीन महिने चुकली असेल तर त्या थेट आईशी बोलतात.

आणि दर सोमवारी सगळ्यांनी बूट काढून मातीत बसायचं, दोन्ही नडग्या वरपासून खालपर्यंत अंगठ्यानं दाबायच्या. दुखणं तळव्यानं दाखवलं तर आठवडाभर पळणं निम्मं. बोटानं दाखवलं तर त्या दिवसापासून बंद, आणि दवाखाना. पहिले काही महिने पोरं लपवायची, कारण सांगितलं तर सर घरी पाठवतील. मग मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. त्यानंतर लपवणं कमी झालं.

त्या वर्षीची भरती तिच्याविना झाली. पुढची लांबत गेली, मध्ये कोरोना आला, आणि तोवर तिनं नर्सिंग पूर्ण करून नोकरी धरली होती. पोलीस व्हायचं तिचं स्वप्न होतं. ते माझ्या हातून मोडलं हे मी तिच्या आईसमोर कबूल केलं आहे, इथंही करतो.

२०२३ च्या सप्टेंबरात ती साताऱ्याची हाफ मॅरेथॉन पळाली. दहा महिने तयारी केली होती. मी घाटाच्या एका वळणावर उभा होतो. उतरताना तिची पावलं आखूड आणि हलकी पडत होती. शर्यत झाल्यावर ती भेटायला आली, कठड्यावर बसली, मोजा खाली सरकवला आणि नडगीवर बोट ठेवलं. "हितं होतं बघा, सर. अजून उंचवटा लागतोय." भरलेल्या हाडावर राहतो तसा बारीक उंचवटा.

"दुखतं का?" मी विचारलं.

"न्हाई." मग मोजा वर ओढत म्हणाली, "दुखलं तर सांगीन."